महाबळेश्वरची रिकामी बाटली

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे जाणारा आंबेनळी घाट एसटीने उतरलेल्यांना दोन गोष्टी नक्की आठवतील. कानांना बसणारे दडे, आणि वळणागणिक अंगाला चिकटत जाणारा कोकणातला उकाडा. मागच्या फेब्रुवारीत आम्ही हा घाट उतरलो तेव्हा तिसरीही एक गोष्ट घडली. महाबळेश्वरच्या स्टँडवर भाचीने पाण्याची एक लिटरची बाटली संपवली, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली समोरच्या सीटमागच्या जाळीत खोचून दिली. अर्ध्या घाटात जाळीतून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. पोलादपूरला उतरताना बाटली काढली, तर तिची कंबर पार आत गेलेली.

“मामा, हिच्यावर कुणी बसलं होतं का?”

कुणी बसलं नव्हतं. पण काहीतरी बसलं होतं हे तिचं म्हणणं अगदी खरं होतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे, पोलादपूर जेमतेम पन्नासेक मीटर. म्हणजे तासा-दीड तासात आम्ही हवेच्या समुद्रात तेराशे मीटर खोल बुडी मारली होती. डोक्यावरची हवा तेवढी वाढली, तसं तिचं ओझंही वाढलं. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ८५ टक्के असतो. पोलादपूरला तो जवळजवळ पूर्ण भरतो. बाटलीच्या पाठी-पोटावरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वरच्यापेक्षा सुमारे दीडशे ग्रॅम जास्त भार आला होता.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं, तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. भाचीने लगेच दुसरा प्रश्न टाकला. “पण खाली उकडतंय. गरम हवा फुगते ना? मग बाटली फुगायला हवी!” तिचा मुद्दा बिनतोड होता. स्टँडवर २० अंश सेल्सिअस होतं, खाली ३२. वाढता दाब बाटलीला चेपत होता, वाढतं तापमान तिला फुगवत होतं. या रस्सीखेचीत कोण जिंकणार, आणि किती फरकाने?

तिघांचं बाक

एसटीतलं तिघांचं बाक आठवा. खिडकीकडचा जरा ऐसपैस बसला की मधल्याला सरकावं लागतं, मधला सरकला की कडेचा अर्धा बाहेर लटकतो. कुणालाही हलायचं, तर उरलेल्या दोघांपैकी निदान एकाला तरी हलवावं लागतं. वायूच्या बाकावर असेच तिघं बसलेले असतात. आकारमान, दाब आणि तापमान. एकाची हालचाल झाली की बाकीचे जागचे राहत नाहीत, आणि तिघंही एकदम हलायला लागले की कुणामुळे कोण सरकलं हे सांगता येत नाही.

यावर उपाय एकच. एकाला खांद्याला धरून जागच्या जागी बसवून ठेवायचं आणि उरलेल्या दोघांचं नातं पाहायचं. शाळेत आपण वायूचे जे नियम पाठ करतो, ते सगळे या एका युक्तीतून निघाले. ते पाठ करताना कुणाला धरून ठेवलं होतं हे मात्र आपण विसरतो, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथे सुरू होतो. आणखी एक अट असते, तीही विसरायची नाही. बाकावर मध्येच चौथा येऊन बसता कामा नये. म्हणजे आत असलेल्या वायूचं प्रमाण तेवढंच राहिलं पाहिजे. हवा गळली नाही, नवी आली नाही, आतल्या आत कशाची वाफ झाली नाही, तरच हिशेब जुळतो.

जिन्यात उभी केलेली नळी

पहिला हिशेब जुळवला रॉबर्ट बॉईल या आयरिश उमरावाच्या मुलाने. ऑक्सफर्डला तो स्वतःच्या खर्चाने प्रयोग करत असे. त्याचा मदतनीस होता रॉबर्ट हूक, हाताने विलक्षण कुशल. हूकने बनवलेल्या हवा उपसण्याच्या पंपावर प्रयोग करून बॉईलने १६६० मध्ये एक पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं होतं की हवेला स्प्रिंगसारखा ताण असतो. दाबली की ती आखडते, सोडली की उसळते.

फ्रान्सिस्कस लायनस नावाच्या जेझुइट पंडिताला हे पटलं नाही. हवेत एवढी ताकद कुठली, वायुभारमापकाच्या नळीत पाऱ्याला वर धरून ठेवते ती एक अदृश्य दोरी, असं तो म्हणाला. त्याला उत्तर द्यायचं म्हणून बॉईलने जो प्रयोग केला, तो १६६२ मध्ये पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. बॉईलचा नियम असा एका भांडणातून जन्माला आला आहे.

प्रयोगासाठी काचेची लांबलचक नळी घेतली होती. खालच्या टोकाला तिला वाकवून आखूड शेंडी काढलेली, आणि शेंडीचं तोंड बंद. नळी इतकी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून ती जिन्यात उभी केली. वरून एक जण थोडा थोडा पारा ओतायचा, खाली दुसरा शेंडीत कोंडलेल्या हवेवर नजर ठेवून बसायचा. आधीची एक नळी फुटून पारा वाया गेला होता, म्हणून या वेळी तळाशी लाकडी खोकं ठेवलं होतं. शेंडीवर पाव पाव इंचाच्या खुणा होत्या.

सुरुवातीला कोंडलेल्या हवेने ४८ घरं व्यापली होती आणि तिच्यावर फक्त बाहेरच्या वातावरणाचा दाब होता, २९ इंच पाऱ्याहून किंचित जास्त. पारा ओतत ओतत हवा निम्म्यावर, म्हणजे २४ घरांवर आणली, तेव्हा एकूण दाब भरला ५८ इंच आणि वर पाऊण. आणखी निम्मी करून १२ घरांवर आणली, तेव्हा शंभरावर साडेसतरा इंच. दाब दुप्पट, तर जागा निम्मी. दाब चौपट, तर जागा पाव. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार प्रत्येक ओळीत जवळपास तोच. गणिताच्या भाषेत हे व्यस्त प्रमाण.

इथे बाकावर कुणाला धरून ठेवलं होतं? तापमानाला. पारा सावकाश ओतला जात होता, त्यामुळे कोंडलेली हवा खोलीइतकीच उबदार राहत होती.

हा प्रयोग घरी करायला पारा नको, जिना नको. औषधाच्या दुकानातून २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणा. दट्ट्या २० च्या खुणेवर ठेवा, तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकला. १५ पर्यंत तो मुकाट जातो. पुढे हट्ट धरू लागतो. १० वर आणायला साधारण तीन किलोचा जोर लावावा लागतो. दट्ट्याचा व्यास दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटर, आणि वातावरणाचा दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून किंचित जास्त. हवा निम्मी करायची तर वातावरणाएवढाच आणखी एक दाब आपल्या पदरचा घालावा लागतो. बोट तसंच ठेवून दट्ट्या सोडा. तो उसळून जवळपास २० वर परत येतो. लायनसला हवेत न दिसलेली ताकद तुमच्या अंगठ्याखाली असते.

आत चाललंय काय?

पाण्याने भरलेली सिरिंज मात्र अशी दबत नाही. शंभर वातावरणांइतका दाब दिला तरी पाणी अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरच आखडतं. त्याचे रेणू आधीच एकमेकांना चिकटून बसलेले, त्यांना सरकायला जागा नाही. हवेत मात्र मोकळी जागाच जास्त. आपल्या भोवतालच्या हवेत दोन शेजारी रेणूंमधलं अंतर रेणूच्या आकाराच्या दहापट असतं. या मोकळ्या मैदानात रेणू सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वेगाने धावत असतात, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतीवर आदळत असतात. भिंतीवरच्या या अगणित टपल्यांची बेरीज म्हणजे दाब. जागा निम्मी केली की तेवढ्याच रेणूंना धावायला निम्मं अंगण उरतं, भिंतीवर टपल्या दुप्पट बसतात, दाब दुप्पट होतो. डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्येच हे चित्र मांडलं होतं. लोकांना ते पटायला मात्र शंभर वर्षं लागली.

वायू तापवला की रेणूंचा वेग वाढतो, टपल्या जोरात आणि वारंवार बसू लागतात. भिंत हलणारी नसेल तर दाब वाढतो. हलणारी असेल तर ती बाहेर सरकते आणि आकारमान वाढतं. दोन्हींमागे कारण एकच, फक्त धरलेला गडी वेगळा.

फुग्यांचा दिवाणा

आता दाबाला धरून ठेवू. ही बाजू उलगडली पॅरिसमध्ये, आणि तीही फुग्यांच्या वेडातून. १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा कापडी फुगा उडवला. त्याच वर्षी जाक शार्ल, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला चार्ल्स, याने हायड्रोजनचा फुगा तयार केला. २७ ऑगस्टला माणसाविना सोडलेला त्याचा पहिला फुगा गोनेस नावाच्या खेड्यात उतरला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी दाताळी खुपसून त्याच्या चिंध्या केल्या. १ डिसेंबरला शार्ल स्वतः जोडीदारासह वर गेला. दोन तासांनी खाली उतरल्यावर जोडीदार पायउतार झाला, फुगा हलका झाला आणि शार्ल एकटाच पुन्हा वर गेला, या वेळी झपाट्याने सुमारे तीन किलोमीटरवर. खाली मावळलेला सूर्य त्याला वर पुन्हा दिसला. एका दिवसात त्याने दोन सूर्यास्त पाहिले. पण दाब झटकन उतरल्याने त्याचा कान इतका ठणकला की त्यानंतर तो कधीच उडाला नाही. घाटातले आपले दडे याच ठणक्याचे लहान भाऊ.

तापवल्यावर निरनिराळे वायू किती फुगतात हे शार्लने १७८७ च्या सुमारास मोजलं, पण छापलं नाही. १८०२ मध्ये तेवीस वर्षांच्या जोसेफ गे-ल्युसाकने हेच प्रयोग जास्त काटेकोरपणे केले, आणि शार्लचं नाव प्रामाणिकपणे नोंदवलं. नाहीतर चार्ल्सचा नियम आज गे-ल्युसाकचा म्हणून शिकवला गेला असता. बर्फाच्या तापमानाला १०० भाग असलेला वायू उकळत्या पाण्याच्या तापमानाला सुमारे १३७ भाग होतो, असं त्याला आढळलं. थक्क करणारी गोष्ट पुढेच होती. ऑक्सिजन असो, नायट्रोजन असो की हायड्रोजन, आकडा सगळ्यांचा तोच. लोखंड, पितळ, काच तापवली तर प्रत्येकाचं प्रसरण वेगळं. वायूंच्या बाबतीत मात्र कोणाचीही जात-कुळी आडवी येत नाही.

पुढच्या नेमक्या मोजमापांतून असं ठरलं की शून्य अंश सेल्सिअसला वायूचं जे आकारमान असतं, त्याच्या २७३ व्या भागाने तो दर अंशाला फुगतो आणि दर अंशाला आखडतो. मग थंड करत राहिलो तर? २७३ पायऱ्या खाली उतरल्यावर आकारमान शून्य व्हायला हवं. प्रत्यक्षात त्याआधीच प्रत्येक वायूचा द्रव किंवा घन होतो, त्यामुळे वायू नाहीसा होताना कुणी पाहिलेला नाही. पण हिशेबाची रेघ उणे २७३.१५ अंशांकडे बोट दाखवते, आणि तापमानाची शिडी खऱ्या अर्थाने तिथे संपते. याला केवल शून्य म्हणतात.

या तळाचा सुगावा शंभर वर्षं आधी गियोम आमोंताँ या बहिऱ्या फ्रेंच उपकरणकर्त्याला लागला होता. त्याने तिसराच गडी धरला होता, आकारमान. कोंडलेल्या हवेला फुगू न देता तिचा वाढता-उतरता दाब त्याने मोजला, आणि हवा पुरेशी थंड केली तर दाबच उरणार नाही, हे १७०२ च्या आसपास त्याच्या ध्यानात आलं. एकाने आकारमान धरलं, दुसऱ्यांनी दाब धरला, आणि दोन्ही वाटा एकाच तळाशी पोचल्या. १८४८ मध्ये लॉर्ड केल्विनने तापमान या तळापासून मोजायची पद्धत सुचवली. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवा, झालं केल्विन.

अंश चुकले की टायर फुटला

हे २७३ मिळवणं म्हणजे परीक्षेतला उपचार नव्हे. मे महिन्यात नागपूरहून अमरावतीला निघालेल्या गाडीचं उदाहरण घेऊ. पहाटे २५ अंशांना पंपावर हवा ३२ पौंडांवर ठेवली. दुपारी तापल्या डांबरावर टायरमधली हवा ६० अंशांवर गेली. टायर फारसा ताणला जात नाही, म्हणजे आकारमान धरलेलं आहे. दाब किती होईल?

२५ चे ६० झाले म्हणजे तापमान जवळजवळ अडीच पट झालं असं समजलं, तर दाब ७७ पौंड येतो, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात एकही टायर शाबूत उरणार नाही. खरा हिशेब केल्विनमध्ये. २९८ चे ३३३ झाले, वाढ बारा टक्क्यांची. पण बारा टक्के कशाचे? पंपावरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे एवढंच सांगतो. टायर पूर्ण बसलेला असला तरी आत वातावरणाएवढी, १४.७ पौंडांची हवा असतेच, आणि काटा तिला शून्य म्हणतो. म्हणून ३२ मध्ये १४.७ मिळवा, ४६.७ होतात. त्यांचे बारा टक्के वाढून ५२.२. त्यातून १४.७ वजा करा. काटा साडेसदतीस दाखवेल.

म्हणजे तापमानाला खोटं शून्य असतं, तसं दाबालाही असतं. दोन्हींचे तळ खरे धरले तरच नियम खरे ठरतात. आणि व्यवहारातला धडा असा की हवा टायर थंड असताना भरायची. दुपारी काटा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर बसका निघतो.

चौथा गडी येतो तेव्हा

आता पाठ्यपुस्तकाबाहेरच्या गप्पांमध्ये हटकून दिली जाणारी दोन उदाहरणं तपासू. पहिलं भाकरीचं. ज्वारीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. आतली हवा तापून फुगते, म्हणून हा चार्ल्सचा नियम, असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. हवा ३० अंशांवरून अगदी २०० अंशांवर नेली, तरी केल्विनमध्ये ३०३ चे ४७३ होतात. म्हणजे जेमतेम दीडपट. पिठात अडकलेल्या चिमूटभर हवेच्या दीडपटीने ताटाएवढा पापुद्रा उचलला जाणार नाही. तो उचलते ती पिठातल्या पाण्याची वाफ. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते, जवळजवळ सतराशे पट. इथे बाकावर चौथा येऊन बसला, नव्हे, अख्खी वरात आली. म्हणूनच पीठ कोरडं पडलं की भाकरी फुगत नाही, मग जाळ कितीही करा.

दुसरं स्वयंपाकाच्या गॅसचं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला गॅस निम्मा संपला की दाबही निम्मा होत असणार, असं वाटतं. तसं होत नाही. आत बहुतेक द्रव असतो. शेगडीला जेवढा वायू जातो, तेवढा द्रव उकळून त्याची जागा भरून काढतो. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ज्योत तशीच राहते आणि पाहुणे आले की नेमकी विझते. दाब बघून किती गॅस उरला ते कळत नाही, वजनच करावं लागतं. थंडीत द्रवाचं उकळणं मंदावतं, दाब उतरतो, ज्योत मलूल होते. त्यावर सिलिंडर आडवा करण्याचा उपाय काही घरांत चालतो. तो मुळीच करू नये. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवच नळीत उतरू शकतो.

रिक्षा-टॅक्सीतला सीएनजी मात्र खरोखर वायूच असतो, २०० वातावरणांच्या आसपास दाबून भरलेला. तो वापरला तसा काटा खाली येतो. भरताना मात्र एक गंमत होते. वायू झपाट्याने कोंबला की तो तापतो, जशी सायकलचा पंप मारताना त्याची नळी हाताला चटका देते. तापलेला वायू जास्त दाब दाखवतो, पंप भरणं थांबवतो, आणि तासाभराने सिलिंडर निवला की काटा खाली आलेला दिसतो. चालकाला वाटतं, फसवलं. पैसे किलोवर घेतलेले असतात, त्यामुळे नुकसान नसतं. फक्त टाकी पुरती भरलेली नसते. कडक उन्हात हे जास्त जाणवतं.

याच सिलिंडरमध्ये नियमांची हद्दही दिसते. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० वातावरणांना आदर्श हिशेबाने पावणेआठ किलोच्या आसपास मिथेन मावायला हवा. प्रत्यक्षात नऊ किलोहून अधिक मावतो. इतक्या दाटीत रेणू एकमेकांना ओढू लागतात आणि भिंतीवरच्या टपल्या थोड्या सौम्य होतात. रेणूंना आकार असतो आणि त्यांची आपसांत ओढही असते, या दोन गोष्टी हिशेबात धरून योहानेस व्हान डर वाल्स या डच संशोधकाने १८७३ मध्ये सुधारित समीकरण दिलं. पुढे त्याला नोबेल मिळालं. बॉईल आणि चार्ल्स चुकले नव्हते. त्यांचा वायू विरळ होता, एवढंच.

समुद्रात आणि आभाळात

मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला गेलेल्यांना उतरण्याआधी एक गोष्ट बजावून सांगतात. वर येताना श्वास रोखायचा नाही. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट असतो. तिथे टाकीतून भरून घेतलेला सहा लिटरांचा श्वास कोंडून पृष्ठभागावर आलात, तर त्याला बारा लिटर जागा हवी असते. छातीत तेवढी जागा नसते. नियम बॉईलचा, पण इथे तो विसरण्याची चूक फुप्फुसं भोगतात. पाणबुड्याच्या तोंडून निघालेले बुडबुडे वर येता येता मोठे होताना दिसतात, ते हाच नियम पाळत असतात, आणि त्यांना फुगायला मोकळीक असते.

उलट्या दिशेला जाऊ. हवामान खात्याचे फुगे मुंबई, नागपूर अशा ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी सोडले जातात. सोडताना ते सैलसर, दीड-दोन मीटर व्यासाचे असतात. कारण वर गेल्यावर काय होणार आहे ते भरणाऱ्याला ठाऊक असतं. तीस किलोमीटरवर दाब जमिनीवरच्या ८५ व्या हिश्शावर येतो, म्हणजे फुग्याचं आकारमान ८५ पट व्हायला हवं. पण तिथे तापमान असतं उणे ४५ अंशांच्या आसपास. ३०० केल्विनचे २२८ होतात, म्हणजे पाऊणपट. ८५ चं पाऊण केलं की साधारण ६४ पट. आकारमान ६४ पट तर व्यास चौपट. दीड-दोन मीटरचा फुगा सहा-आठ मीटरचा होतो, रबर ताणून ताणून फाटतं आणि उपकरण खाली येऊ लागतं.

बाटलीचा निकाल

फुग्याचा हिशेब केलात, म्हणजे बाटलीचाही करता येईल. दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराला केल्विनमधल्या तापमानाने भागलं, तर येणारं उत्तर बदलत नाही. बाटलीचं झाकण घट्ट होतं, चौथा आला नव्हता. दाब ८५ चा १०० झाला, म्हणून एका लिटरचे ८५० मिलिलिटर. तापमान २९३ केल्विनवरून ३०५ वर गेलं, म्हणून त्यात चार टक्क्यांची भर. एकूण सुमारे ८८५ मिलिलिटर. घाटातल्या रस्सीखेचीत दाबाने पंधरा पावलं खेचलं, उष्म्याने चार पावलं मागे ओढलं. बाटलीला सव्वाशेहून थोडं कमी मिलिलिटर आत जावं लागलं. प्लॅस्टिकचा ताठरपणा आणि तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ यांनी त्यातही थोडी सूट दिली असेल.

पण मग घाटाच्या वरचीच हवा थंड का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर या प्रकरणातच आहे. कोकणातली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, तेव्हा बाकावर कुणालाच धरलेलं नसतं. दाब उतरतो, हवा फुगते. फुगताना तिला भोवतालच्या हवेला ढकलून जागा करावी लागते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा बाहेरून मिळत नाही, ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च होते. सायकलच्या पंपात दाबून हवा तापली होती, इथे सैल सुटून ती निवते. कोरडी हवा दर किलोमीटर चढाला सुमारे दहा अंशांनी थंड होते. पावसाळ्यात ही हवा अरबी समुद्राची वाफ घेऊन आलेली असते. निवली की ती वाफ धरवत नाही, आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पलीकडे वाईकडे उतरताना तीच हवा पुन्हा दाबली जाते, तापते, आणि ढग विरतात.

इंग्रज साहेब महाबळेश्वरला ‘हवा खायला’ जात, आपणही जातो. परतताना जॅम आणि चिक्की आणतो, हवा मात्र कुणी आणत नाही. भाचीने आणली. चेपलेली बाटली तिने मुंबईपर्यंत झाकण न उघडता सांभाळली आणि घरी आल्यावर आजीला दाखवली. “आजी, ही महाबळेश्वरची हवा. तिथे लिटरभर घेतली होती.”

आजीने बाटली हातात फिरवली आणि म्हणाली, “अगं, वाटेत घटली की ही!”

भाचीने झाकण फिरवलं. सूं करून मुंबईची हवा आत शिरली, कंबर टक् करून बाहेर आली, आणि लिटर पुन्हा भरला. आत गेलेली हवा किती, ते तिने पेन्सिलने कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. ११५ मिलिलिटर.